पेडल्स चाळीस, पाय दोन

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : गिटारच्या इफेक्ट पेडल्सचा पसारा आवरताना

गिटार आणि अ‍ॅम्प यांच्यामध्ये लावायची, पायाने चालू-बंद होणारी आणि आवाज बदलणारी डबी म्हणजे इफेक्ट पेडल. ‘कुठलं पेडल घेऊ?’ असं विचारणारी पत्रं कमी झाली आहेत आणि ‘एवढी झाली, आता काय करू?’ विचारणारी वाढली आहेत. म्हणून या वेळी आवराआवरीचीच पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे चाळीसच्या वर पेडल्स आहेत. त्यांतली चौदा ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शनची. कपाट भरलं, आई रोज बोलते. पण कुठलंही विकायला काढलं की ‘याचा आवाज जरा वेगळा आहे’ असं वाटतं आणि ते परत आत जातं. ठरवायचं कसं?
— अ. दे., कोथरूड

आईचं बरोबर आहे, पण पेडल विकायला तेवढं कारण पुरत नाही हेही समजतं. ‘जरा वेगळा’ हे खरंच असतं आणि निर्णयासाठी त्याचा उपयोग शून्य असतो. दोन पेडल्सचा आवाज तंतोतंत सारखा कधीच नसतो. ड्रम आणि बेस सुरू असताना तो फरक तुम्हाला तरी ऐकू येतो का, एवढंच पाहायचं. त्यासाठी आधी नाव, रंग आणि किंमत विसरून सर्किटवरून वाटणी करा.

चौदा ड्राइव्ह पेडल्स (ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, फझ : आवाज कमी-जास्त फाडणारी) म्हणजे बहुधा चार-पाच घराणी निघतील. पहिलं ट्यूब स्क्रीमरचं. यात डायोड ऑप-अ‍ॅम्पच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) फीडबॅक मार्गात बसलेले असतात आणि साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग फारसा न वाढवता वरचा भाग जास्त चिरडला जातो. त्यामुळे मधला भाग, म्हणजे मध्यम उंचीचे सूर, पुढे येतो. टीएस ८०८ आणि टीएस ९ या त्याच्या दोन मॉडेलांमधला फरक बहुतांशी शेवटच्या दोन रेझिस्टरांचा आहे : एकात १०० ओहम आणि १० किलोओहम, दुसऱ्यात ४७० ओहम आणि १०० किलोओहम. दोन्ही कपाटात असतील तर एकाला निरोप द्यायला हरकत नाही. बॉस कंपनीचं एसडी-१ याच कुळातलं, फक्त त्यात एका बाजूला दोन डायोड आणि दुसऱ्या बाजूला एक, म्हणून लहरीच्या दोन बाजू असमान कापल्या जातात. हा फरक कानाला कळू शकतो.

दुसरं घराणं डायोड थेट ग्राउंडला जोडणाऱ्यांचं. १९७८चं बॉस डीएस-१ आणि रॅट ही त्यातली ठळक नावं. कड जास्त टोकदार, बोटांच्या हलक्या-जड स्पर्शाला प्रतिसाद कमी. तिसरं बिग मफचं. याची गंमत अशी की घरात एकट्याने वाजवताना डोंगराएवढा वाटणारा आवाज बँडमध्ये हरवतो, कारण त्याचा मधला भाग खोल दबलेला असतो आणि गिटार ऐकू येते ती मधल्या भागातूनच. चौथं दोन ट्रान्झिस्टरचं फझ फेस, १९६६पासूनचं. ते गिटारच्या व्हॉल्यूमच्या नॉबवर जगतं. पाचवं कमी गेनवाल्यांचं (सिग्नल कमी वाढवणाऱ्यांचं), म्हणजे १९९१च्या मार्शल ब्लूजब्रेकरची वंशावळ आणि क्लॉन या ओव्हरड्राइव्हच्या नकला. बाजारातली नवी महागडी ‘पारदर्शक’ ओव्हरड्राइव्ह यातच मोडतात.

आता एका घराण्यातली दोन-दोन समोरासमोर बसवा. लूपर (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारं पेडल) सगळ्यांत आधी ठेवा आणि त्यात २०-३० सेकंदांचा साधा तुकडा भरा : थोडे कॉर्ड, थोडी एकेरी ओळ. तोच तुकडा दोन्ही पेडल्समधून फिरवा. त्याआधी दोन्हींचा आवाज समान करा. हे काम लोक टाळतात आणि तिथेच फसतात. एक-दीड डेसिबलने मोठं असलेलं पेडल कानाला ‘मोठं’ वाटत नाही, ‘चांगलं’ वाटतं. कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचा इंटरफेस असेल तर दोन्ही रेकॉर्ड करून पातळी जुळवा, नसेल तर कानाने, पण पाच मिनिटं देऊन. मग मित्राला स्विच दाबायला लावा आणि तुम्ही पाठ फिरवून ओळखा. दहापैकी किमान आठदा बरोबर ओळखता आलं नाही तर त्या जोडीतलं एक जाणार. कुठलं, हे किमतीवरून ठरवा. जास्त पैसे देणारं विका.

फझ फेसच्या कुळाला ही लूपरची परीक्षा लावू नका. त्याचा इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) इतका कमी असतो की गिटारचा पिकअप (तारांचं कंपन टिपणारं वेटोळं) हा त्याच्या सर्किटचाच भाग होतो. मध्ये लूपर आला की ते वेगळंच, बहुधा कर्कश वाजतं. ते थेट गिटार लावूनच ऐका. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचं असेल तर एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या तालमीच्या खोलीत निकाल देऊ नका. तापमान चढलं की जर्मेनियममधली गळती वाढते, बायस (ट्रान्झिस्टरचा ठरवून दिलेला कामाचा बिंदू) सरकतो आणि आवाज तुटक होतो. थंड खोलीत पुन्हा ऐका.

शेवटची फेरी फ्लॅटमध्ये नको. शेजाऱ्यांना चालेल अशा पातळीवर बास आणि ट्रेबल दोन्ही कानाला कमी लागतात, म्हणून घरी सगळ्यांना मधला भाग कापणारी पेडल्स आवडतात. तालमीची खोली तासाभरासाठी घ्या, बँडला बोलवा, वाचलेली पाच-सहा तिथे लावा.

एक तक्ताही करा : नाव, घराणं, किती व्होल्ट, प्लसची बाजू, किती मिलिअँपिअर, खोका आहे का, काही बदल केलेला आहे का, आणि ‘कुठल्या गाण्यात लागतं’. शेवटचा रकाना रिकामा राहिला की बाकीचे वाचायचीही गरज पडत नाही. बोर्डावर (पेडल्स बसवायच्या फळीवर) ट्यूनरसकट सात-आठ, कपाटात राखीव चार-पाच, एवढं भरपूर आहे.

प्रश्न : बोर्डावरची बारा पेडल्स कमी करून पाच ठेवली. बॉसची सगळी काढली, उरलेली पाचही ट्रू बायपास आहेत. आता सगळी बंद असली तरी गिटारवर घोंगडी टाकल्यासारखा आवाज येतो. पेडल्स कमी म्हणजे आवाज स्वच्छ, असं ऐकलं होतं.
— स. जो., सदाशिव पेठ

पेडल्सबरोबर तुम्ही बफरही, म्हणजे कमजोर सिग्नलला जोर देणारं छोटं सर्किटही, काढून टाकलेत. बॉसचं कॉम्पॅक्ट पेडल बंद असतानाही सिग्नल त्याच्या बफरमधून जातो. आत येताना इम्पिडन्स साधारण १ मेगाओहम, बाहेर पडताना साधारण १ किलोओहम. त्यामुळे पुढची केबल कितीही लांब असली तरी पिकअपला तिचा भार कळत नाही. ट्रू बायपास पेडल बंद केलं की ते नुसती तार होतं आणि सगळ्या केबल्स मिळून एक लांब केबल तयार होते.

हिशोब असा. गिटार केबलची कपॅसिटन्स मीटरला ढोबळमानाने १०० पिकोफॅरड धरा. सिंगल कॉइल पिकअपचा इंडक्टन्स अडीच हेन्रीच्या आसपास. फक्त ५ मीटर केबल असेल तर पिकअपचा चमकदार उंचवटा साधारण साडेचार किलोहर्ट्झवर बसतो. बोर्डापर्यंत ६ मीटर, तिथून अ‍ॅम्पपर्यंत ६ मीटर आणि मधल्या पॅच केबल्स १ मीटर, असे १३ मीटर झाले की तो २.८ किलोहर्ट्झवर येतो. गेलेला ट्रेबल तो हाच.

उपाय स्वस्त आहे : काढलेल्यांपैकी एक बॉस परत लावा. ट्यूनर असेल तर उत्तम, कारण तो बोर्डावर असतोच. फझ असेल तर गिटारनंतर आधी फझ, मग ट्यूनर. उलटं लावलंत तर फझला पिकअपऐवजी बफर दिसेल आणि ते मधमाशीसारखं गुणगुणेल.

प्रश्न : ठेवायची ठरवलेली पेडल्स पावसाळ्यात कशी ठेवू? गेल्या वर्षी दोघांच्या जॅकवर हिरवट थर आला.
— मृ. पा., सिंहगड रोड

सगळ्यांत आधी बॅटऱ्या काढा. जॅकच्या थरापेक्षा गळलेली ९ व्होल्टची बॅटरी कितीतरी जास्त नुकसान करते. अल्कलाइन बॅटरीतून येणारा पांढरा खारट थर दिसला तर कापसाच्या काडीवर पांढरं व्हिनेगर घेऊन पुसा, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने. क्लिपच्या तारा आतून काळ्या पडल्या असतील तर क्लिपच बदला. जाता जाता : बॅटरीवर चालणाऱ्या बहुतेक पेडल्सना वेगळा स्विच नसतो, इनपुट जॅकमध्ये प्लग घातला की ती सुरू होतात. केबल लावून ठेवलेलं पेडल रात्रभर बॅटरी खातं.

झाकणाला रबरी कड असलेला हवाबंद प्लॅस्टिकचा डबा घ्या. तो मे महिन्यात, हवा कोरडी असताना भरा आणि बंद करा. जुलैत भरलात तर ओल आत कोंडून ठेवाल. २०-२५ लिटरच्या डब्याला रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या शंभरेक ग्रॅमच्या दोन पुड्या पुरतात. केशरी रंगाची मिळाली तर निळीपेक्षा ती बरी, कारण निळ्या रंगासाठी कोबाल्ट क्लोराइड वापरतात आणि ते घरात नको. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर तास-दोन तास तापवा, पुन्हा वापरता येते. डबा माळ्यावर किंवा ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवू नका.

डब्यात काय घालू नये हेही महत्त्वाचं. जुना स्पंजासारखा फोम काही वर्षांत चिकट होऊन चुरा पडतो आणि तो चुरा नॉबखाली शिरतो. पीव्हीसीच्या केबल्स पेडलच्या रंगाला टेकून महिनोन्‌महिने राहिल्या की डाग पाडतात, म्हणून पेडल सुती कापडात गुंडाळा आणि केबल वेगळ्या पिशवीत. डांबराच्या गोळ्या कपड्यांसाठी ठीक, इथे नकोत. त्यांच्या वाफेने काही प्रकारचं प्लॅस्टिक मऊ पडतं.

दर दोन महिन्यांनी प्रत्येक पेडल अर्धा तास चालू करा, सगळे नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच-सहादा फिरवा, स्विच दहादा दाबा, प्लग आत-बाहेर करा. चाळीस पेडल्सना हे शक्य नाही, बाराला आहे.

प्रश्न : नॉब फिरवताना खरखर येते. घरातला गंजावर मारायचा स्प्रे मारू का?
— वि. का., हडपसर

नको. तो तेलकट थर सोडतो, त्यावर धूळ बसते आणि दोन महिन्यांत खरखर दुप्पट होऊन परत येते. इलेक्ट्रॉनिक्सचा काँटॅक्ट क्लीनर आणा, बुधवार पेठेत तापकीर गल्लीत सहज मिळतो. पॉटसाठी (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरसाठी) किंचित वंगण असलेला, जॅक आणि स्विचसाठी कोरडा उडून जाणारा. पेडलचा पुरवठा काढा, बेसप्लेट उघडा, पॉटच्या पायांजवळच्या फटीतून अर्धा सेकंद फवारा, नॉब पंचवीस-तीसदा फिरवा आणि अर्धा तास वाळू द्या. डिस्प्ले किंवा वाह पेडलमधल्या प्रकाशावर चालणाऱ्या सेन्सरवर फवारा जाऊ देऊ नका.

दोनदा साफ करूनही खरखर तशीच असेल तर पॉटला दोष देऊ नका. बहुधा जवळचा कपलिंग कपॅसिटर गळतो आहे आणि पॉटवर डीसी येतो आहे. नॉब हलला की तो डीसी उडी मारतो, तीच खरखर. मल्टिमीटर डीसीवर ठेवून पॉटच्या कडेच्या पायापासून ग्राउंडपर्यंत मोजा. व्हॉल्यूमच्या पॉटवर शून्याऐवजी काही मिलिव्होल्ट ठाम दिसले तर कपॅसिटर बदला. पॉट खरंच झिजलेला असेल तर त्यावरचं अक्षर पाहून आणा : हल्लीच्या पॉटवर ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनिअर. ए१००केच्या जागी बी१००के लावला तर व्हॉल्यूम नॉबच्या सुरुवातीच्या भागातच एकदम वाढतो.

बॉसचं पेडल एकदा दाबलं की दोनदा लागत असेल, तर पायाखालच्या पट्टीच्या आत बसलेला चिमुकला टॅक्ट स्विच गेलेला असतो. किंमत किरकोळ, सोल्डरिंग दोन मिनिटांचं. नऊ पायांच्या फुटस्विचला मात्र जपून तापवा. एका पायावर तीन सेकंदांपेक्षा जास्त सोल्डरिंग आयर्न धरलं की आतलं प्लॅस्टिक वितळून नवा स्विचही अडकतो.

प्रश्न : एकाच अ‍ॅडॅप्टरवरून साखळी करून सहा पेडल्स चालवतो. डिजिटल डिले जोडला की बारीक ‘चीं’ येते. शिवाय मित्राचा १८ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर चुकून लागला आणि एक ओव्हरड्राइव्ह गेलं. ते टाकून देऊ का?
— र. शि., औंध

टाकू नका. आधी ‘चीं’चं पाहू. डिजिटल पेडल आतल्या घड्याळाच्या तालावर झटक्याझटक्याने करंट ओढतं. साखळीत सगळ्यांचा पुरवठा आणि ग्राउंड एकच असल्यामुळे ते झटके शेजारच्या जास्त गेनच्या पेडलला मिळतात आणि ते इमानाने मोठे करून अ‍ॅम्पला देतं. डिजिटलला स्वतंत्र, आयसोलेटेड आउटपुट द्या, बाकीची अ‍ॅनालॉग पाच साखळीवर राहिली तरी चालतात. पीएनपी जर्मेनियम फझ मात्र साखळीत कधीच लावू नये. त्याचं प्लस ग्राउंडला असतं, त्यामुळे पुरवठाच शॉर्ट होतो. ते बॅटरीवर किंवा आयसोलेटेड आउटपुटवरच.

पेडल्स कमी झाल्यावर पॉवर सप्लायही लहान घेता येतो, म्हणून बेरीज करा. साधं अ‍ॅनालॉग ओव्हरड्राइव्ह ५ ते २० मिलिअँपिअर घेतं, साधा डिजिटल डिले ५० ते १००, मोठे डिजिटल डिले-रिव्हर्ब २५० ते ३००. बेरजेवर पाव भाग जास्त धरा. अ‍ॅडॅप्टरची अँपिअर क्षमता जास्त असली तर काही बिघडत नाही, पेडल लागेल तेवढंच ओढतं. व्होल्ट आणि प्लगची दिशा मात्र जुळलीच पाहिजे. बहुतेक पेडल्सना ९ व्होल्ट, मधला भाग मायनस.

मेलेल्या पेडलमध्ये दोन संशयित. त्यात व्होल्टेज दुप्पट करणारी किंवा उलटी करणारी आठ पायांची चिप असेल (आयसीएल ७६६० किंवा मॅक्स १०४४, क्लॉनच्या नकलांमध्ये असते), तर तिची कमाल सहनशक्ती साडेदहा व्होल्ट आहे. १८ला ती जातेच. ती सॉकेटमध्ये असेल तर काढून नवी लावा. दुसरे, १६ व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. फुगलेले असतील तर २५ व्होल्टचे घाला. प्लगची दिशा उलटी लागून गेलेल्या पेडलमध्ये आधी पुरवठ्याच्या तोंडाशी आडवा बसलेला १एन४००१ डायोड तपासा. तो स्वतः शॉर्ट होऊन बाकी सर्किट वाचवतो. त्याचा एक पाय सोडवून पेडल लावा. जिवंत झालं तर नवा डायोड बसवून मोकळे व्हा. तो न बसवता तसंच वापरू नका.

विकायची पेडल्स वेगळी करताना अ‍ॅडॅप्टरची सरमिसळ सगळ्यांत जास्त होते. लाइन ६चं जुनं डीएल४ आणि डिजिटेकचं व्हॅमीचं चौथं मॉडेल ९ व्होल्ट एसीवर चालतात. दिसायला तसाच प्लग, पण नेहमीच्या डीसी अ‍ॅडॅप्टरवर ती नीट चालतील याचा भरवसा नाही, आणि त्यांचा एसी अ‍ॅडॅप्टर दुसऱ्याला लावाल तर ते दुसरं जाईल. अ‍ॅडॅप्टर पेडललाच रबर बँडने बांधा. अमेरिकेहून आलेल्यावर ‘१००–२४०’ लिहिलेलं नसून फक्त १२० असेल, तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो एकदाच लागतो.

आणि जुन्या इमारतीत हम थांबवायला अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन कापायची प्रथा आहे, ती बंद करा. माइकला ओठ लागले की तारांवरचा हात आणि ओठ यांच्यातून करंट जाऊ शकतो.

प्रश्न : काकांनी बॉसचं एक जुनं पेडल दिलं. मागे ‘मेड इन जपान’ आणि ‘एसीए’ असं छापलं आहे. माझा ९ व्होल्ट लावला की दिवा मंद, आवाजात दम नाही. बिघडलेलं म्हणून स्वस्तात देऊन टाकू?
— ओं. भा., चिंचवड

अजिबात नाही, ते बहुधा ठणठणीत आहे. त्या काळचा एसीए अ‍ॅडॅप्टर १२ व्होल्टचा, स्थिर नसलेला होता, म्हणून पेडलच्या आत व्होल्टेज खाली आणणारा रेझिस्टर आणि डायोड आहेत. आताचा स्थिर ९ व्होल्ट त्यांच्यातून गेल्यावर आत कमी उरतो. नवी ९ व्होल्टची बॅटरी घालून पाहा, पूर्ण आवाज आला तर शंका मिटली. आताच्या ९ व्होल्टवाल्या दुसऱ्या पेडलबरोबर एकाच साखळीवर लावलं आणि दोघांत पॅच केबल जोडली तरी ते नीट चालतं, कारण मायनसला केबलच्या ग्राउंडवरून सरळ वाट मिळते. आतला रेझिस्टर काढून ‘सुधारून’ देणारे भेटतील. संग्राहकांना मूळ स्थितीतलंच हवं असतं, हात लावू देऊ नका.

बॉसची कॉम्पॅक्ट मालिका १९७७मध्ये तीन पेडल्सनी सुरू झाली आणि उत्पादन १९८०च्या दशकाच्या अखेरीस जपानमधून तैवानला गेलं. जपानी पेडलला बाजारात जास्त किंमत मिळते. आवाज त्याच मॉडेलच्या तैवानीपेक्षा चांगला असेलच असं नाही. वाजवण्यासाठी तैवानी ठेवून जपानी विकणं हा शहाणपणाचा सौदा आहे, काकांची हरकत नसेल तर.

प्रश्न : बोर्डावर चिकटवलेलं व्हेल्क्रो काढलं, तर पेडलच्या बुडाला काळा चिकट लगदा राहिला. कसा काढू?
— ते. गो., वारजे

बेसप्लेट आधी पेडलवरून काढा. हेअर ड्रायरने दीड-दोन मिनिटं कोमट करा, उरलेला पट्टा एका कोपऱ्यातून जवळजवळ सपाट कोनात हळू ओढा. चिकट थरावर खोबरेल तेल चोळून अर्धा तास ठेवा, मग जुन्या प्लॅस्टिक कार्डाने खरवडा, शेवटी आयसोप्रोपिलने तेल पुसा. थिनर वापरलात तर रंगही जाईल आणि सीरियल नंबरचं लेबलही, आणि लेबल गेलेल्या पेडलला गिऱ्हाईक घासाघीस करतंच. पुढच्या वेळी सायकलवाल्याकडून जुन्या चेनच्या सुट्या कड्या आणा. कडीचं एक भोक बेसप्लेटच्या स्क्रूखाली, दुसरं बोर्डाला लाकडी स्क्रूने. लाकडी बोर्डावर यापेक्षा पक्कं काही नाही.

प्रश्न : सगळं विकून एक मल्टि-इफेक्ट घेतलं तर?
— प्रा. न., विमाननगर

मॉड्युलेशन (कोरस, फेझरसारखे हलते आवाज), डिले, रिव्हर्बपुरतं जरूर. या तीन खात्यांत चांगलं डिजिटल यंत्र आणि सुटी पेडल्स यांच्यात तालमीतला फरक शोधून काढावा लागतो. फझ, वाह आणि आवडतं एक ओव्हरड्राइव्ह सुटं ठेवा आणि यंत्राच्या आधी लावा.

घेताना मर्यादा पाहा. लाइन ६च्या एचएक्स स्टॉम्पमध्ये एका वेळी आठ ब्लॉक (एक इफेक्ट म्हणजे एक ब्लॉक) बसतात, आणि अ‍ॅम्प व कॅबिनेटही त्यातच धरायचे असतात. त्याचा अ‍ॅडॅप्टर ९ व्होल्ट, ३ अँपिअरचा आहे, त्यामुळे जुन्या पॉवर सप्लायच्या १००-५०० मिलिअँपिअरच्या आउटपुटवर ते चालणार नाही. डिजिटल यंत्राची किंमत नवं मॉडेल आलं की घसरते, साध्या अ‍ॅनालॉग पेडलची तितकी नाही. म्हणून बदल करायचाच असेल तर यंत्रही जुनंच घ्या. आणि कार्यक्रमात तेच एक बंद पडलं तर सगळंच बंद पडतं. बॅगेत एक ट्यूनर, एक ओव्हरड्राइव्ह आणि दोन पॅच केबल्स असू द्या.

प्रश्न : पंधरा पेडल्स विकायला काढली आहेत. पुण्यातच विकू की कुरियरने बाहेर? फसवणुकीची भीती वाटते.
— नि. ह., कर्वेनगर

आधी प्रत्येक पेडल वीस मिनिटं चालू ठेवून तपासा. काही दोष गरम झाल्यावरच दिसतात. नॉब, स्विच, दोन्ही जॅक हलवून पाहणं, बॅटरीवर आणि अ‍ॅडॅप्टरवर दोन्हीकडे. याचा दीड मिनिटाचा एकसलग व्हिडिओ काढा, सुरुवातीला सीरियल नंबर दाखवून. फोटोंमध्ये बूड, बॅटरीचा कप्पा आणि ओरखडे हवेतच. बदललेला कपॅसिटर, दुरुस्त केलेला स्विच, कापलेलं रबर, सगळं लिहून टाका. लपवलेला बदल गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर सापडतो आणि मग पुण्यातल्या वाजवणाऱ्यांच्या छोट्या जगात तुमचीच बाकीची चौदा अडतात.

किंमत ठरवताना लोक काय मागताहेत ते पाहू नका, माल कितीला गेला ते पाहा. सहा महिने लटकलेल्या जाहिरातीतला आकडा ही किंमत नसते. मूळ खोका आणि अ‍ॅडॅप्टर असेल तर फरक पडतो. पंधराही एकाच दिवशी टाकू नका. गिऱ्हाइकाला तुमची घाई कळते. चार-चार टाका, एका घराण्यातली दोन एकत्र कधीच नाहीत, नाहीतर ती एकमेकांचा भाव पाडतात.

शक्यतो पुण्यातच, समोरासमोर. बॅटरीवरचा छोटा अ‍ॅम्प घेऊन जा, गिटार गिऱ्हाइकाला आणायला सांगा, म्हणजे फक्त नफ्यासाठी घेणारा आणि वाजवणारा यांतला फरकही कळेल. पैसे आल्याची खात्री स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये करा. त्याच्या फोनवरचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. ‘मी लष्करात आहे, बदली झाली आहे, क्यूआर पाठवतो, तो स्कॅन करून पिन टाका’ हा संवाद सुरू झाला की फोन ठेवा.

कुरियर करायचंच असेल तर बॅटरी काढा, नॉबवर जाड पुठ्ठ्याची चौकट बसवा म्हणजे धक्का शाफ्टवर येणार नाही. चारी बाजूंना ५ सेंटिमीटर गादी, खोक्यात खोका, आणि वर कुठल्याही वाद्याच्या कंपनीचं नाव नको. बहुतेक कुरियर आकारावरून वजन काढतात : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून भागिले ५०००. २५ × २० × १५चा खोका म्हणजे दीड किलो, आतलं पेडल अर्ध्या किलोपेक्षा हलकं असलं तरी. खोका लहान निवडा, पण गादीत काटकसर नको. पॅक करतानाचा व्हिडिओ तुम्ही काढा, उघडतानाचा त्याला काढायला सांगा, आणि हे पैसे घेण्याआधी ठरवा.

प्रश्न : दुरुस्त न होणारी पाच-सहा उरली आहेत. भंगारवाल्याला देऊ?
— के. सा., धनकवडी

आधी सुटे भाग काढा : अ‍ॅल्युमिनियमचा डबा, नॉब, नऊ पायांचा स्विच, जॅक, डीसी सॉकेट. स्वतः पेडल बनवायला शिकणाऱ्या कॉलेजच्या मुलांना यांतला डबाच सगळ्यांत महाग पडतो, त्यांना द्या. उरलेलं सर्किट बोर्ड घरच्या कचऱ्यात किंवा तार जाळून तांबं काढणाऱ्याकडे जाऊ देऊ नका. कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था पुण्यात ई-कचरा वेगळा गोळा करते, रोज कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना विचारलं तर पुढचं त्या सांगतील. त्यात बॅटऱ्या मिसळू नका. त्या वेगळ्या पिशवीत, ९ व्होल्टच्या बॅटरीच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून.